पायाळू निघू नकोस

पिंपळगाव रेणुकाई,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८५६

चिरंजीव मच्छिंद्रास आजी गोजरबाईचा आशीर्वाद.

आधी खाली बस. बसलास? मंग ऐक. तू मेलायस.

घाबरू नको, सगळं बराबर झालं. दहावा झाला, तेरावा झाला, गाव जेवलं, गाडीवाल्या कडूबानं दोनदा वाढून घेतलं. तुला जाळलं नदीच्या काठी, पळसाच्या पानांचा पुतळा करून. डोक्याच्या जागी नारळ. देह हाती लागला न्हाई तर असंच करावं लागतं, म्हणाले जोशीबुवा. नारळ जरा वाकडा बसला होता, म्हणून बराबर तुझ्यासारखा दिसत होता, आणि म्हणून मला रडू आलं. न्हाईतर पाल्यापाचोळ्यासाठी कोण रडतं?

याला आता दोन वर्षं होतील. आणि परवा तुझं कार्ड आलं. 'आमचा जपानी कसरतींचा खेळ पौषात जालन्याला येतोय. मी घरी येऊ का?' जोशीबुवांनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं. मंग मनात वाचलं. मंग उलटं करून टपालाचा शिक्का बघितला आणि सोवळ्यासकट खाली धुळीत बसले. म्हणाले, "गोजरबाई, ह्याला मी स्वतः पिंड दिलाय." मी म्हटलं, "मंग खाऊन तब्येत सुधारली असंल, बुवा."

हसू नको. हे कसं झालं ते सांगते. कडूबा कापूस घेऊन जालन्याला गेल्ता. तिथं ऐकून आला की जपानी लोकांच्या तंबूला बऱ्हाणपुरात आग लागली आणि आपल्याकडचा एक पोरगा गेला. तुला कडूबा ठाऊक हाय. निम्मं ऐकतो, निम्मं वाटेत बैलांना विचारून घेतो. पण तुझा बाप पुंजाराम ऐकून बसला न्हाई. बऱ्हाणपुरापर्यंत जाऊन आला. तिथं लोकांनी त्याला काळी पडलेली जमीन आणि जळके बांबू दाखवले. खेळवाले कुठं पांगले कोणाला ठाव न्हाई. तुझा तर वर्षभर कागद न्हाई. पुंजाराम परत आला, कोयता घेतला आणि पळसाची पानं स्वतः तोडून आणली.

आता अडचण समजली का? तू जिवंत हायस ही आनंदाची गोष्ट हाय, पण तुझं कार्य झालंय. कार्य झालेला माणूस दारात आला तर त्याला घोटभर पाणी देता येत न्हाई. गाव भूत म्हणंल. ज्यानं अग्नी दिला त्याच्या माथी दोष. यावर उपाय एकच, असं बुवा म्हणतात: तू परत जन्माला यायचं. मोठ्या भांड्यात बसायचं, त्यातून बाहेर यायचं, तूप चाटवायचं, कानात नाव सांगायचं. आणि मुलगा झाला म्हणून कळलं की बापानं अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची आणि मंगच पोराचं तोंड बघायचं.

मी विचारलं, "एवढा टोणगा मावेल असं भांडं कुठलं, बुवा?" ते म्हणाले, गुळाची काहील चालेल, तीर्थपुरीला कोणाकडंतरी असंल. इथपर्यंत सगळं जमत होतं. पण तुझा बाप दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. म्हणाला, "मला पोरगा न्हाई." आणि मळ्यात निघून गेला.

म्हणून सरळ घरी येऊ नको. थांब. मी काय ते बघते.

हे अक्षर कोणाचं, असं मनात आलं असंल. जोशीबुवांची सून अरुंधतीबाई. तू गेलास तेव्हा ह्या आल्या नव्हत्या. नवरा जगन्नाथ जालन्याच्या स्टेशनात मालाच्या हापिसात कारकून. मी दुधाचा रतीब घालायला येते, यांच्या ओसरीवर टेकते, मी बोलते, ह्या लिहितात. सासऱ्याचं नाव आलं की यांचा टाक अडखळतो. आत्ता अडखळला बघ.

आणि तू पळून गेलास त्या पहाटे तुझ्या धोकटीत भाकऱ्या कुठून आल्या, ते मी अजून कोणाला सांगितलं न्हाई. बाई, हे लिहू नका. लिहिलंत? बरं, राहू द्या.

आजी

पिंपळगाव रेणुकाई,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद.

तुझं उत्तर पोचलं. 'मेलो तर मेलो, आता तंबू हेच माझं घर' असं लिहिलंस. वा रे वा. मेलेल्या माणसाला एवढा राग शोभत न्हाई. भुतंसुद्धा घराकडं ओढ घेतात, आणि तू म्हणतोस मला काय त्याचं. मंग कार्ड कशाला टाकलंस? कोणी मागितलं होतं?

बस झालं. कामाचं बोलू.

तू तुझ्या कामाची हकीकत लिहिलीस ती मी दोनदा वाचून घेतली. तुझा तो उस्ताद किचिझो, मी त्याला किचोबा म्हणते, मला तेवढंच झेपतं, तो उताणा पडतो, पाय वर करतो, तळपायावर लाकडाचं पिंप घेतो, तू त्या पिंपात, आणि तो पिंप गरगर फिरवतो. मंग तू पिंपाच्या तोंडातून पाय बाहेर काढतोस आणि काठावर उलटा उभा राहतोस. तालमीत मल्लखांबावर उलटा लटकायचास तेव्हा तुझा बाप म्हणायचा, वटवाघूळ जन्माला घातलंय. त्याला काय माहीत वटवाघळाला पण उस्ताद मिळतो.

तर पिंपाचं ऐकून मी अरुंधतीबाईंना म्हटलं, थांबा, एवढं परत वाचा. आणि तशीच उठून माजघराच्या दाराशी गेले.

"बुवा, ते भांडं तांब्याचंच लागतं का?"

"मोठं असलं म्हणजे झालं."

"लाकडाचं चालंल?"

"चालेल."

"भुईवरच ठेवावं लागतं?"

बुवा माझ्याकडं बघायला लागले. "भुईवर न्हाई तर कुठं ठेवणार, गोजरबाई?"

"सहज विचारून राह्यले. कोणाच्या पायावर ठेवलं तर?"

"पायावर?"

"भल्या माणसाच्या."

बुवा म्हणाले, शास्त्रात पायाचं काही लिहिलेलं न्हाई. मी म्हटलं, "मंग मनाई पण लिहिलेली न्हाई." त्यावर त्यांनी पळी ताम्हनात आपटली. मी दुधाचं भांडं उचललं, पण निघाले न्हाई. शेवटी तेच बोलले. जन्म चारचौघांच्या देखत व्हावा, घरातल्या वडीलधाऱ्यानं तूप चाटवावं, आणि डोक्याकडून व्हावा. बाकीचं देवी बघेल.

ऐकलंस? डोक्याकडून. म्हणून सांगते, पायाळू निघू नकोस. तुझा खेळ पायांकडून हाय हे मला कळलं. तो बदल. तुझ्या किचोबाला विचार, त्याचा तोल बिघडत असंल तर त्याला आतापासून सवय करू दे. त्याला म्हणावं, पिंपळगावच्या एका म्हातारीची मागणी हाय. तोही म्हातारा हाय, समजंल.

तुला कधी सांगितलं न्हाई, आता सांगते. तू पहिल्या खेपेलासुद्धा पायाळूच निघाला होतास. आधी एक पाय, मंग बराच वेळ काहीच न्हाई. तुझी माय नंदाबाई त्यातून उठली न्हाई. तुझा काही दोष न्हाई, पोटातल्या पोराला दिशा कुठं कळतात. पण या खेपेला दिशा तुझ्या हातात हाय. या खेपेला कोणाला त्रास नको.

जगन्नाथानं जालन्याहून जाहिरातीचा कागद धाडलाय. एका बाजूला उर्दू, एका बाजूला मराठी. जपानी कसरती, जपानी छत्र्यांचे खेळ, कागदाची उडती फुलपाखरं. पौष शुद्ध अष्टमीचा शेवटचा खेळ आम जनतेस खुला, बिलकुल मुफ्त, बायकांसाठी बांबूच्या चिकाच्या पडद्याची सोय. मी तो कागद पुंजारामाच्या ताटाशेजारी ठेवला. तो म्हणाला, "मेलेल्याचा खेळ बघायला पैसे कोण देणार?" मी म्हटलं, "मुफ्त हाय." तो म्हणाला, "मला वाचता येत न्हाई." मी म्हटलं, "मला तरी कुठं येतं?" त्यानं भाकरी अर्धी टाकली आणि उठला. पण कागद तिथंच ठेवला न्हाई. कुठं ठेवला ते मला अजून सापडलं न्हाई.

आजी

पिंपळगाव रेणुकाई,
मार्गशीर्ष वद्य द्वादशी

मच्छिंद्रा,

तुझं उत्तर न्हाई. किचोबा काय म्हणाला? हो की न्हाई, तेवढं तरी कळव. मी दिवसभर घरात एका जागी बसत न्हाई. जात्यावर बसले की दाराकडं बघते, दाराशी गेले की वाटतं पीठ राहिलं. काल एकाच म्हशीला दोनदा पाणी दाखवलं. म्हैस माझ्याकडं बघून राह्यली.

तुझ्या बापाला तीनदा म्हटलं, जालन्याला चल. एकदा म्हणाला, हरभऱ्याला पाणी द्यायचंय. एकदा म्हणाला, कडूबाच्या गाडीत जागा न्हाई. तिसऱ्या वेळी खरं बोलला. तेवढ्यासाठी हे पत्र.

तुला आठवत असंल, तू त्या खेळवाल्यांच्या मागं जाणार म्हणालास तेव्हा त्यानं अंगणात उभं राहून काय म्हटलं. "गेलास तर मला मेलास." रागात बाप बोलतात. माझा नवरा तर रोज जेवताना बोलायचा. पण मंग कडूबा ती बातमी घेऊन आला, आणि पुंजारामानं दोन्ही गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या. त्याला वाटतं, आगीनं काही झालं न्हाई. त्याच्या जिभेनं तू गेलास. कार्य झालं त्या दिवसापासून त्यानं कोणाला शिवी दिली न्हाई. बैलालासुद्धा 'मर' म्हटलं न्हाई. गावातली माणसं म्हणतात, पुंजाराम किती शांत झाला. मला ती शांतता बघवत न्हाई. शिव्या न देणारा शेतकरी कधी कोणी बघितला का?

परवा मला म्हणाला, "माय, मी त्याला एकदा रडून घेतलं. आता त्यो येईल, दोन दिवस राहील आणि परत तंबूत जाईल. मी किती वेळा जाळू त्याला?"

मी उठले आणि घरात तूप किती शिल्लक हाय ते बघून आले.

मी जाणार. अरुंधतीबाई नवऱ्याकडं निघाल्यात, जोशीबुवा सुनेला पोचवायला येतात, गाडी कडूबाची. तुझ्या मरणाची बातमी ज्या गाडीतून आली तिच्यातूनच मी तुझ्या जन्माला येते. कडूबाला म्हटलं, या खेपेला वाटेत बैलांना काही विचारू नको.

आजी

जालना,
पौष शुद्ध अष्टमी, दुपार

मच्छिंद्रा, ही चिठ्ठी तुझ्या हातात पडंपर्यंत खेळ सुरू व्हायची वेळ होईल.

मी आलेय. राजूरच्या गणपतीपाशी मुक्काम केला, नारळ फोडला, तो सरळ फुटला. मोती तलावाकडच्या मैदानावर तुमचा तंबू दिसला. मी चिकाच्या मागं अगदी कडेला बसणार, डाव्या हाताला, दोरी बांधलेल्या खांबापाशी. पिंप त्या बाजूला आणायला सांग. पदराखाली वाटीत तूप हाय, मधाचं बोट हाय. अरुंधतीबाईंनी जगन्नाथाच्या घरातली पितळी थाळी घेतलीय. सासऱ्याला सांगितलं, बसायला घेतली. थाळीवर कोण बसतं? पण बुवांनी विचारलं न्हाई.

तुझा बाप आला न्हाई.

तू डोक्याकडून निघ.

आजी

पिंपळगाव रेणुकाई,
पौष वद्य प्रतिपदा

चिरंजीव मच्छिंद्रास आजीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही परभणीला पोचला असाल. तू पिंपात होतास, म्हणून बाहेर काय झालं ते तुला ठाऊक न्हाई. आणि तुमची गाडी दुसऱ्याच दिवशी होती, म्हणून घरी काय झालं ते तर बिलकुलच न्हाई. दोन्ही सांगते. अरुंधतीबाई कालच परत आल्या, त्यांनी टाकाला नवीन टोक लावलंय. आज लांब पत्र.

चिकाच्या मागं एवढ्या बायका होत्या की एकीचा श्वास दुसरीनं घ्यावा. माझ्या एका बाजूला कोणी वकिलीणबाई, दुसऱ्या बाजूला बुरखा घेतलेली एक म्हातारी. तिला माझी भाषा अर्धी कळत होती, मला तिची पाऊण. आधी छत्रीवर चेंडू पळवणारा आला. मंग तुझ्या किचोबाची बायको आली, वाळलेल्या खारकेएवढी, माझ्याच वयाची. तिनं कागद घेतला, फाडला, पिरगळला, दोन फुलपाखरं केली, पंख्यानं वारा घातला आणि ती उडायला लागली. बाईनं पंखा हळू केला की फुलपाखरू छत्रीच्या कडेवर बसायचं, जोरात केला की उडून जायचं. शेजारची म्हातारी म्हणाली, "या अल्ला, कागज में जान डाल दी." मी म्हटलं, "आमी पानाचा माणूस केला आणि जाळला, बाई. ही कागदाचं करते आणि उडवते. ज्याची त्याची रीत." तिला काय कळलं देव जाणे, पण तिनं माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला न्हाई.

मंग पिंप आलं. किचोबा उताणा पडला. मी एवढा म्हातारा पाय वर केलेला पहिल्यांदा बघितला, आमच्याकडं त्या वयात पाय वर करतात ते चौघांच्या खांद्यावर. तू हात जोडून आत बसलास. तू केवढा झालास रे. दाढी आलीय. कोणी कळवलं न्हाई.

पिंप फिरलं. डावीकडं फिरलं, उभं झालं, आडवं झालं, त्या माणसाचे तळपाय म्हणजे दोन हातच. ढोल वाजून राह्यला. आणि मंग पिंपाच्या तोंडातून काय बाहेर आलं? पाय. तुझे दोन पाय, घोट्यापर्यंत.

मच्छिंद्रा, मला बाकीचं काही दिसलं न्हाई. तंबू न्हाई, माणसं न्हाई. मला ती जुनी खोली दिसली, आणि नंदाबाईचं तोंड. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत न्हाई. अरुंधतीबाई म्हणतात, मी ओरडले, "आत घे! पाय आत घे!" अशा आवाजात की ढोलवाला थांबला.

तू लिहिशील की तुमचं ते आधीच ठरलं होतं, आधी पाय दाखवायचे, लोकांना फसवायचं, मंग उलटायचं. लिही. मी मान्य करणार न्हाई. मला तर एवढंच दिसलं की मी ओरडले, आणि पाय आत गेले. आणि तुझ्या किचोबानं पिंप छातीवर घेतल्यासारखं दोन पावलांत धरलं, हळूच फिरवलं, सुईण पोटावरून हात फिरवून पोर वळवते ना, अगदी तसंच. आणि तुझं डोकं बाहेर आलं. वाकडं. नारळासारखं.

मी चिक वर केली. वकिलीणबाई म्हणाल्या, "अहो, कुठं निघालात?" मी म्हटलं, "बाळंतपणाला." माझ्या मागं थाळी वाजली. पोरगा झाला की थाळी वाजवायची, एवढं अरुंधतीबाईंना बराबर ठाऊक. ढोलवाल्याला वाटलं हा पण खेळाचाच भाग, त्यानंही ढोल लावला. चिकामागून बायकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवतोय ते अर्ध्या जणींना ठाव नव्हतं, पण म्हातारी आखाड्यात उतरली की टाळ्या वाजवाव्याच लागतात. तूप तुझ्या जिभेला लावलं, थोडं मिशीला लागलं. कानात नाव सांगितलं. तेच ठेवलं. नवीन नाव पाठ करायचं माझं वय न्हाई, आणि मच्छिंद्र म्हणजे माशाच्या पोटातून निघालेला, पिंपातून निघालेल्याला तेच शोभतं.

तू माझ्या पायावर डोकं ठेवून रडलास. ते फार चांगलं केलंस. जन्मल्यावर पोर रडलंच पाहिजे, न्हाईतर सुईण घाबरते.

मंग जोशीबुवांकडं सगळे बघायला लागले. ते पुढं सतरंजीवर बसले होते, एकीकडं मी, दुसरीकडं थाळी घेतलेली त्यांची सून. बुवांनी उपरणं सारखं केलं. म्हणाले, "डोक्याकडून झाला. साक्षीदार भरपूर हाएत." मंग म्हणाले, "बाप असता तर पुरं झालं असतं."

तू लगेच विचारलंस, "बापू आले न्हाईत?" मी मान हलवली. तुझं तोंड ज्या पद्धतीनं पडलं ते मला अजून दिसतं. मंग आपण तुमच्या तंबूत बसलो, आणि किचोबाच्या बायकोनं मला हिरवा चहा दिला. दूध न्हाई, साखर न्हाई, सुतकाच्या घरातल्यासारखा. मी दोन घोट घेतले आणि तुला विचारलं, "हिच्या घरी कोण गेलं?" तेव्हा तू हसलास. चला, एवढं हसून तरी गाडीत बसलास.

आता घरचं.

आम्ही दशमीला पोचलो. पुंजाराम गोठ्यात होता. मी दारातूनच सांगितलं, "पुंजाराम, तुला पोरगा झाला." तो वैरण टाकत होता, टाकत राहिला. मी म्हटलं, "डोक्याकडून झाला. चांगला धडधाकट हाय. दाढी हाय." तो म्हणाला, "माय, पाय धू, जेव." एवढंच. मी जेवले न्हाई.

सकाळी उठले तर अंगणातल्या दोरीवर धोतर, बंडी, आणि पटका. पटकासुद्धा, रे. सगळं ओलं, टपटप गळून राह्यलं. पौषातली थंडी, माणूस तोंड धुवायला कुरकुरतो. मी विचारलं, "हे काय?" माझ्याकडं न बघता म्हणाला, "मोटेचा नाडा तुटला. विहिरीत पडलो." मी म्हटलं, "लागलं का?" म्हणाला, "न्हाई." मी मळ्यात जाऊन नाडा बघून आले. नाडा शाबूत. घरी येऊन पटका पिळला आणि परत दोरीवर टाकला.

पण मला खात्री वाटंना. विहिरीत माणूस खरंच पडतो. मी मात्र घरात पोर जन्मल्याचं सोयर पाळायला लागले, एकटीच. देवाला शिवले न्हाई, तुळशीला पाणी घातलं न्हाई. शेजारपाजार हसायला लागला. कडूबा वेशीत उभा राहून म्हणाला, "गोजरमावशी, या वयात सोयर?" मी म्हटलं, "तू खबर आणायचास तर सुतक यायचं. मी आणली, सोयर आलं. बघ कोणाची खबर बरी."

काल पौर्णिमा. शाकंभरीच्या पौर्णिमेला रेणुकाईला पहिला नैवेद्य आपल्या घरचा, तुझ्या पणज्यापासून. साठ भाज्यांचं ताट. मी रांधलं न्हाई, शेजारणींनी रांधलं, पण घेऊन जायचा मान पुंजारामाचा. मी देवळात गेले न्हाई. बाहेर पायरीवर बसले, सोयरातल्या बाईसारखी. येणारीजाणारी हसून जात होती.

पुंजाराम ताट घेऊन आला. सगळा गाव आत. जोशीबुवांनी गाभाऱ्यातून हाक मारली, "पुंजाराम, आण पुढं." तो पायरीपाशी थांबला. पाय उचलला, परत ठेवला. बुवांनी परत हाक मारली. मंग त्यानं ताट कडूबाच्या हातात दिलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुम्ही दाखवा. मला येता येत न्हाई. आमच्या घरी सोयर हाय."

आत टाळ थांबले. कडूबा ताट धरून म्हणाला, "सोयर? कोणाचं?"

"पोरगा झाला मला," पुंजाराम म्हणाला. "जालन्याला."

आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सरक की, माय. सगळी पायरी अडवून बसलीस."

मी सरकले. आरती संपंपर्यंत आम्ही दोघं बाहेर बसून होतो. तो रडला का न्हाई ते मी बघितलं न्हाई. मी पटक्याकडं बघत होते. भिजून वाळल्याच्या सुरकुत्या अजून तशाच होत्या.

आज सकाळी मी भाकरी थापत होते आणि गोठ्यातून आवाज आला, "मर मेल्या, सरक तिकडं!" बैलाला. मी हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकलं. दोन वर्षांनी. फार गोड वाटलं रे कानाला.

सोयर लवकरच फिटतंय. बाराव्या दिवशी बारसं. पुंजाराम म्हणतो, "येऊ दे. परत गेला तर जाऊ दे, पण येऊन जाऊ दे." किचोबाकडून रजा घे. पाळणा तुला पुरायचा न्हाई, म्हणून पिंप घेऊन ये. आणि किचोबाच्या बायकोला सांग, चहा आमच्याकडं प्यायला ये. साखर घालून.

खाली माझा अंगठा. शाई जरा जास्त लागली, अरुंधतीबाई हसतायत.

आजी